बर्म्याची चांदणी

त्या वर्षी सव्वीस जानेवारीला सेलूच्या शाळेच्या मैदानावर माजी सैनिकांना बसण्यासाठी दोन जागा केल्या होत्या. पदके मिळालेल्यांना मंचाच्या उजव्या हाताला खुर्च्या आणि उरलेल्यांना त्यांच्यामागे सतरंजी. यात कोणाचा अपमान करण्याचा हेतू होता असे मला वाटत नाही. खुर्च्या थोड्या होत्या, परभणीहून आलेल्या यादीत पदकांचा एक रकाना होता, आणि ज्याच्यावर बसवण्याचे काम होते त्याने रकाना पाहून वाटणी केली. मी कापसाच्या एका जिनिंगमध्ये हिशेबनीस आहे. त्याच्या जागी असतो तर मीही कदाचित हेच केले असते.

माझ्या बायकोचे मामा सतरंजीवर बसले. ते वालूरहून पहिल्या गाडीने आले होते. तांब्यात निखारे घालून खाकी कोटाला इस्त्री केलेली होती, आणि गळ्याखालचे बटणही लावलेले होते. एकाहत्तरच्या लढाईनंतर आमच्याकडे जुन्या सैनिकांना बोलावून नारळ देण्याची पद्धत सुरू झाली होती. मामा लढले होते ते त्याच्याही आधीच्या, इंग्रजांच्या लढाईत, बर्म्याच्या जंगलात. तिथे ते खेचरांच्या पलटणीत होते. निदान आम्ही घरचे लोक तसे ऐकत आलो होतो.

नारळ घेऊन ते परत सतरंजीकडे येत असताना वालूरचाच एक दुकानदार म्हणाला, "हवालदारसायेब, तुमचं खेचर बसलंय का खुर्चीवर?"

मामा हवालदार कधीच नव्हते. आसपासचे लोक हसले. मामांनी नारळ पिशवीत घातला आणि जिलेबीची वाट न पाहता ते सरळ आमच्या घरी आले.

बायकोने चहा ठेवला. मामांनी कोट काढून खुंटीला लावला आणि आतल्या खिशातून रेक्झिनचे पाकीट काढले.

"जावई, तुमचं इंग्रजी चांगलं हाय म्हणतेत."

"कामापुरतं आहे, मामा."

"मंग काम करा. हा कागुद दुरुस्त करून पायजे."

तो त्यांचा डिस्चार्जचा कागद होता. म्हणजे त्याचा अर्धा. रझाकारांच्या धामधुमीत त्यांच्या आईने तो गव्हाच्या कणगीत दडवला होता. घरात इंग्रजी पलटणीचा कागद सापडला तर काय होईल, हे त्या दिवसांत कोणालाच सांगता येत नव्हते. कणगीला ओल लागली आणि वरची घडी कुजली. त्या घडीवर त्यांचे नाव, नंबर आणि गाव होते. खालचा भाग शाबूत होता. त्यावर शिक्का होता, सही होती, आणि 'पदके' या शब्दापुढे एक आडवी रेघ होती.

"ही रेघ काढायची," मामा म्हणाले.

"आणि तिथं काय लिहायचं?"

"बर्म्याची चांदणी. आनखी दोन-तीन होते, सगळ्यालाच भेटले. मी सुटून आलो तवा ते ठरलेच नव्हते. पुढं ठरले. आमच्यासंगचे नगरकडचे, साताऱ्याकडचे, समद्याला पोष्टानं आले. मला न्हाई आले."

"मग इतकी वर्षं का नाही मागितले?"

"काऊन मागू? गावाला ठाव होतं मी कुठं होतो ते. आता ठाव असणारे मेले."

बायको आतून म्हणाली, "मामा, त्या दुकानदाराचं काय मनावर घेता? त्याचा बाप उधारी बुडवून पळाला होता, तेही गावाला ठाऊक आहे."

"त्याचं न्हाई गं. पर त्यानं इचारलं तवा मी खिशात हात घातला. खिशात काय हाय? हा कागुद. अन् कागुदच म्हणायलाय की मी कुठंच गेलो न्हाई." ते माझ्याकडे वळले. "पैसा नको. जमीन देतेत म्हणं सैनिकाला, ती बी नको. मी तितं होतो, एवढं सरकारनं लिवून देवं."

मी सगळी माहिती लिहून घेतली. भरतीचे साल त्यांनी फसलीत सांगितले, तेराशे बावन्न. निजामाच्या राज्यात शाळा शिकलेल्या माणसाला त्याची अडचण नसते; त्यात पाचशे नव्वद मिळवले की आपले साल येते. बेचाळीस. लढाईच्या सालाशी ते जुळले. नंबर त्यांनी झोपेतून उठवल्यासारखा घडाघडा म्हटला, आधी हिंदुस्थानीत आणि मग मराठीत. गाव विचारले तेव्हा मात्र त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि थोडे थांबून सांगितले, "वालूर लिवा."

ते थांबणे मला दिसले होते. पण त्याचा अर्थ मी लावला नाही.

उठताना ते खेचरांविषयी बोलले. एरवी ते या विषयावर फारसे बोलत नसत. "आमच्या खेचराचा आवाजच काढून टाकला होता, जावई. डाक्तरनं गळ्यात कायतरी कापलं. जंगलात वरडलं की दुश्मनाला कळतं, म्हून. ते तोंड उघडायचं, मान वर करायचं, समदं करायचं. आवाज यायचा न्हाई. मला लय दिवस वाटायचं, मीच बहिरा झालो."

अर्ज मी इंग्रजीत लिहिला, रजिस्टर्ड पोस्टाने पाठवला आणि पावती जपून ठेवली. उत्तर आले ते पावसाळ्यात. मामा त्या दिवशी नेमके सरकी घ्यायला सेलूला आले होते, म्हणून ते पत्र मी त्यांच्यासमोरच फोडले. मजकूर चार ओळींचा होता. कळवलेल्या नंबरचा सैनिक निजामाच्या मुलखातला नसून मुंबई इलाख्यातील एका दुसऱ्या जिल्ह्याचा रहिवासी आहे. अर्जदाराचे गाव नोंदीशी जुळत नाही. अर्जदार हाच तो सैनिक असल्याचा पुरावा असेल तर पाठवावा, नसेल तर पत्रव्यवहार बंद समजावा.

मी मराठीत सांगितले. पदक नाही असे म्हणणे वेगळे, आणि तुम्ही तुम्ही नाहीच असे म्हणणे वेगळे. मला वाटले मामा चिडतील. मामांनी कागद मागून घेतला, वाचता येत नसताना वरपासून खालपर्यंत पाहिला आणि मला परत दिला.

"ऱ्हाऊ द्या आता," ते म्हणाले.

"राहू कसं द्या? नंबर चुकला असेल. एखादा आकडा इकडचा तिकडे..."

"नंबर बराबर हाय."

"मग?"

"मंग काय न्हाई. सरकीचं पोतं सुटलंय, बांधायचंय." आणि ते गेले.

मी खरे तेच लिहितो आहे, म्हणून हेही लिहिले पाहिजे, की त्यानंतर काही महिने माझ्या मनात शंका होती. दोन आकडे जुळत नसले तर कुठेतरी चूक असते, हे माझ्या धंद्याचे पहिले सूत्र आहे. गाव जुळत नसतानाही नंबर बरोबर म्हणणारा माणूस पुढे बोलायला तयार नसेल तर हिशेबनिसाने काय समजायचे? एखाद्या मेलेल्या सोबत्याचा नंबर तर नसेल? बायकोला मी हे बोललो नाही. तिच्या लहानपणी तिला खांद्यावर घेऊन वालूरच्या बाजारात फिरवणारा तो माणूस होता.

दिवाळीला सासूबाई आमच्याकडे आल्या. त्या मामांच्या धाकट्या बहीण. भाऊबीज करून त्या वालूरला जाणार होत्या. ओसरीवर शेंगा फोडत बसल्या असताना मी सहज विचारल्यासारखे विचारले, "मामा भरती कुठं झाले होते?"

"नगरला."

"वालूरहून नगरला?"

"वालूरहून कशाला? आजोळाहून. शेवगावाकडं आमचं आजोळ, ते इंग्रजाच्या राज्यात. दादाचा जल्म बी तिथलाच. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हतं की. आन् जल्मला तवापासून अर्धा तिथंच वाढला. मामानंच नेलं त्याला भरतीला. हा माझा भाचा, माझ्या घरचा, म्हून सांगितलं."

मी हातातल्या शेंगा खाली ठेवल्या. "म्हणजे पलटणीत गाव आजोळचं लिहिलंय."

"आसंल. मला काय ठाव?"

"मग मामा ते सांगत का नाहीत?"

सासूबाईंनी एक शेंग फोडली, दाणे वाटीत टाकले, टरफल सुपात टाकले. बायको दारात येऊन उभी राहिली.

"त्या गावाचं नाव घेत न्हाई त्यो," सासूबाई म्हणाल्या. "मामाला एकच पोरगी. दादाला लहानपणापासून बोललेली. मामाची पोरगी ती भाच्याचीच, आसं तवा समदेच म्हणायचे. पर इथं तर सुपारी फोडायचीच ऱ्हायली होती. पलटणीत गेला तवा तिनं चार वर्सं वाट पाहिली. आला, आन् म्हणला, न्हाई करायचं. का, तर सांगना. झरी गावची बायको केली. मामानं सांगावा धाडला, माझ्या उंबऱ्यावर पाय ठिवू नको. ह्यो बी तसलाच. न्हाई ठिवला. मामा मेला तरी न्हाई."

"आणि तुम्ही?" बायकोने विचारले.

"मी कशी जाऊ? भाऊ जात न्हाई त्या घरी बहीण कोणत्या तोंडानं जाती? त्यानं लगीन मोडलं ते त्याचं, पर आजोळ माझं बी तुटलं." त्यांनी सूप झटकले. "मला तिथली चिंच आठवती. मागच्या दारी होती."

भाऊबीजेला मीही त्यांच्याबरोबर वालूरला गेलो. ओवाळून झाल्यावर मामा आणि मी मळ्याकडे निघालो. वाटेत मी म्हणालो, "मामा, पलटणीत तुमचं गाव आजोळचं आहे. ते लिहिलं की काम होतं."

ते चालत राहिले.

"बहीण बोलली का?"

"बोलल्या."

"तिच्या पोटात काय ऱ्हात न्हाई." थोड्या वेळाने ते म्हणाले, "लोकाला वाटतं मला पोरगी पसंत न्हवती. तसं न्हवतं. तिथून आलो तवा रातचा झोपत न्हव्हतो मी. वरडायचो. आवाज न्हाई निघायचा, निसतं तोंड उघडायचं. मामाची एकुलती एक पोरगी, तिला असल्या माणसाच्या गळ्यात कशी बांधू? झरीचीला म्या आधी सांगितलं समदं. ती म्हणली, चालतंय. मामाला काय सांगणार होतो? मला बोलताच येत न्हव्हतं."

"आता तर येतं."

"आता मामा न्हाई."

बांधावर पोचल्यावर ते म्हणाले, "लिवा. त्या गावाचं नाव लिवा."

दुसरा अर्ज मी तपशीलवार लिहिला. जन्मगाव, भरतीच्या वेळी सांगितलेले गाव, सध्याचे गाव, तिन्ही वेगवेगळ्या ओळींत. सोबत वालूरच्या सरपंचाचा दाखला आणि सासूबाईंच्या अंगठ्याचे प्रतिज्ञापत्र जोडले. या वेळी उत्तर लवकर आले. नोंद जुळली होती. कागदाची दुरुस्ती होईल, मूळ कागद पाठवावा. पदकांबद्दल लिहिले होते, की ती अर्जदाराच्या नोंदलेल्या गावी पूर्वीच पोस्टाने पाठवलेली आहेत आणि पार्सल घेतल्याचा अंगठा आहे. ती हरवली किंवा चोरीला गेली असल्यास पोलिसांचा दाखला जोडून दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज करता येईल.

आम्ही दोघे परभणीला सैनिकांच्या ऑफिसात गेलो. तिथला कारकून भला माणूस होता. त्याने कागद वाचले आणि पेन उघडून माझ्यापुढे धरले. "सोपं आहे. नातेवाइकाने परस्पर घेतली, दिली नाहीत, असं ठाण्यात लिहून द्या. दाखला मिळतो. नवी पदकं येतील."

"कुणी घेतली म्हून लिवायचं?" मामांनी विचारले.

"ज्याचा अंगठा आहे त्याने."

"त्यो माझा मामा हाय."

"वारले ना ते? मग त्यांना काय त्रास?"

मामांनी टोपी डोक्यावर घातली. "सायेब, त्यांनी मला भरतीला नेलं तवा सोताच्या घरचं सांगितलं. आता मी ठाण्यात जाऊन सांगू, त्यो चोर होता म्हून? तेवढ्यासाठी बर्मा न्हाई केला मी."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "मामा, चोरी लिहायची नाही हे ठीक. पण आधी विचारून तर पाहू. तुमच्या मामी आहेत ना अजून?"

"हाय म्हणतेत."

"मग?"

"तुमी येणार का?"

"येतो."

"जावई पुढं आसला की म्हातारी शिव्या जरा कमी देईल," मामा म्हणाले. त्या दिवसात ते पहिल्यांदाच हसले.

डिसेंबरात मी रजा काढली. रेल्वेने औरंगाबाद, तिथून पैठण, पुढे शेवगावची गाडी आणि शेवटी पायवाट. कोट मामांनी हातावर घेतला होता, अंगात घातला नव्हता. गाव दिसू लागल्यावर ते वाटेतल्या प्रत्येक गोष्टीविषयी बोलू लागले. ही विहीर नवी, तो बांध आमचा, इथं बाभळ होती. उंबऱ्याशी आल्यावर बोलणे थांबले.

अंगणात एक म्हातारी बाई बाजरी पाखडत होती. डोळ्यांना कमी दिसत असावे. तिने मान वर केली ती आमच्या आवाजाच्या दिशेने.

"कोण हाय?"

"मामी, मी."

"मी म्हणणारं लई येत्यात."

"वालूरचा."

सूप थांबले. मग पुन्हा सुरू झाले. "ह्या घरात जल्मला आन् म्हणं वालूरचा. संगं कोण हाय?"

"जावई हाय. भाचीचा नवरा."

"जावई, बसा. तांब्या भरलेला हाय, पाणी प्या. पाण्याला राग नसतो." मग मामांकडे तोंड करून, "तू बी पी. उभा का? उंबरा मामानं बंद केला व्हता. मामा गेला. अंगण काय त्यानं संगं नेलं नाय."

मामा बसले. ते पाणी प्याले. म्हातारी पाखडत राहिली आणि तितक्याच संथ लयीत बोलत राहिली. मामा गेला तेव्हा सांगावा धाडला होता. उशिरा पोचला असेल, तरी तुला पाय होते. पोरीचं म्हणशील तर तिचं बरं झालं, नवरा रेल्वेत आहे, दोन लेकं नोकरीला लागली. "तुझ्या खेचरामागं फिरायचं वाचलं तिचं."

"वाचलं, मामी," मामा म्हणाले. "तेच म्हणलो होतो मी."

मग मी विषय काढला. सरकारकडून एक पार्सल आले होते, त्यात काही पदके होती, मामांच्या मामांनी अंगठा दिला होता. ती कुठे असतील?

"पदकं?" तिने सूप खाली ठेवले. "ते डाग?"

"कसले दागिने?"

"यानं धाडलेले. लगीन मोडून दोनतीन वर्सं झाल्यावर. पोष्टमननं अंगठा घेतला, डबी दिली. त्यात चिठ्ठी व्हती, ती इंग्रजी. पोष्टमनला बी येईना. म्हणला, तुमच्या भाच्याच्या नावाचं हाय. मामानं डबी उघडली. आत एक चांदणी आन् दोनतीन गोल. रंगीत फिती. मामा म्हणला, बघ, माझ्या पोरीला डाग धाडलेत. लगीन मोडल्याची भरपाई. सोनाराकडं घेऊन गेला. सोनारानं घासलं. म्हणला, पितळ." तिने तोंडावरून हात फिरवला. "मामा दोन दिस जेवला नाय. म्हणला, लगीन मोडलं ते मोडलं, वर पितळ धाडतो. मग पोळा आला. म्हणला, हे माझ्या पोरीच्या अंगाला नाय लागायचं, बैलाच्या कपाळाला बांधा. साऱ्या गावातून मिरवला बैल. ज्यानं इचारलं त्याला सांगायचा, भाच्याचे डाग हायेत."

मामांचा जबडा हलत होता, पण आवाज येत नव्हता. मला भाऊबीजेच्या दिवशीचे त्यांचे बोलणे आठवले आणि मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"मामी," ते शेवटी म्हणाले, "म्या न्हाई धाडले. सरकारनं धाडले. बर्म्याचे. मला भेटायचे होते, ह्या गावचं नाव लिवलं होतं म्हून इथं आले. मामानंच सांगितलं होतं."

तिला ते कळायला वेळ लागला. मी पत्र काढून पुन्हा सगळे सावकाश सांगितले. तिने दोनदा विचारले, "सरकारनं? यानं नाय?" आणि मी दोनदा सांगितले, सरकारनं.

"मंग आता मामाला कोण सांगणार?" ती म्हणाली. हे ती आम्हाला विचारत नव्हती.

थोड्या वेळाने ती उठली, भिंतीला धरत आत गेली आणि बैलाचा कपाळपट्टा घेऊन आली. लाल लोकर, कवड्या, काचेचे तुकडे, आणि मधोमध काळी पडलेली सहा टोकांची चांदणी. टोकाटोकाला दोऱ्याने घट्ट शिवलेली. गोल पदके नातवांच्या पाळण्याला बांधली होती. ती पुढे कुठे गेली, तिला ठाऊक नव्हते. चांदणी तेवढी राहिली होती. एक बैल म्हातारा झाला की दुसऱ्याच्या कपाळावर, असे तिने पाहिले होते.

गोठ्यात एक खिलारी बैल बांधलेला होता. मामा उठून त्याच्याकडे गेले. सवयीने त्यांनी त्याचा पुढचा खूर उचलून पाहिला, गळ्याखालची लोंबती पोळी खाजवली. बैलाने मान लांब केली आणि मोठ्याने हंबरला.

"जावई," ते मला म्हणाले, "खेचराला काय भेटलं न्हव्हतं. वझं त्यानं वाह्यलं, बिल्ला आमाला. बैलाला भेटला, बरं झालं."

मामी दोरा काढायला कात्री शोधत होती. मामा म्हणाले, "काढू नको, मामी. ऱ्हाऊ दे."

"ऱ्हाऊ दे म्हणजी? यवढ्या लांबून आलास कशाला?"

"इचारायला आलतो."

"इचारलंस. आता घे. लोकांपुढं बसायचं असतं ना तुमाला, झेंड्याच्या दिवशी?" तिला हे मी सांगितले होते. तिने दात लावून दोरा तोडला. एका टोकात लोकर अडकून राहिली. "पर पोळ्याला परत आण. बैलाचं कपाळ मोकळं ठिवायचं नाय."

"आणीन."

"तुझ्या येण्याचा भरवसा नाय. जावई साक्षीला हायेत."

मी साक्षीला आहे, असे म्हणालो.

गोल पदकांसाठी आम्ही ठाण्यात गेलो नाही. मी ऑफिसला कळवले की ती घरातच गहाळ झाली, कोणावर संशय नाही. त्यावर दुसरी प्रत मिळाली नाही, आणि नियमाने मिळायलाही नको होती. दुरुस्त झालेला कागद मात्र आला. आडव्या रेघेच्या जागी टंकलेल्या दोन ओळी, बाजूला सही. मामांनी त्या ओळींवर बोट फिरवले आणि मला तीनदा वाचायला लावल्या.

सव्वीस जानेवारीला त्यांना खुर्ची मिळाली. चांदणी राखेने घासून कोटाला लावली होती. टोकाला लाल लोकरीचा धागा तसाच होता. तोच दुकानदार जवळ येऊन निरखून म्हणाला, "हवालदारसायेब, बिल्ला झ्याक हाय. ही लोकर कशाची?"

"बैलाची," मामा म्हणाले.

लोक हसले, आणि मामाही हसले.

परभणीहून आता दरवर्षी एक तपासणीचा फॉर्म येतो. त्यात एक प्रश्न असतो, पदके सैनिकाच्या ताब्यात आहेत काय. पहिल्या वर्षी मी अडलो. हो म्हणावे तर पूर्ण खरे नाही, नाही म्हणावे तर तेही नाही. मामांना विचारले, काय लिहू. ते म्हणाले, जे हाय ते लिवा. मी लिहिले: एक आहे, पोळ्याच्या सुमारास आजोळी असते. त्यावर अजून कोणी हरकत घेतलेली नाही.

यंदाच्या पोळ्याला सासूबाईही गेल्या. चांदणी त्यांनी मामांच्या खिशात राहू दिली नाही, पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली.

"तू ठिवशील कुठंतरी," त्या म्हणाल्या.

"बर्म्यातनं आणली म्या," मामा म्हणाले.

"तू कुठं आणली? पोष्टानं आली."

गाडी सुटेपर्यंत त्यांचे हेच चालले होते. परतताना सासूबाईंच्या पदराला गाठ होतीच, फक्त तिच्यात चिंचा होत्या.